काजू वगळून

माझी लेक दोन वर्षांची असताना दिवाळीत तिने काजूकतलीचा एक तुकडा खाल्ला आणि तिच्या अंगभर गांधी उठल्या. तेव्हापासून मी काजूच्या हात धुऊन मागे लागले. कुणाकडे वाढदिवसाला जायचं तरी आधी फोन करून खाण्याची चौकशी. नवरा म्हणायचा, "तू एक्स्प्रेसवेवर टोलनाका उघड, झकास चालवशील." मी हसायचे, पण धास्ती काही जायची नाही.

नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत समोरच्या दारातल्या बाईंना अख्खा मजला खाला म्हणतो. त्या मूळच्या उरणकडच्या, मुलगा आखातात नोकरीला. ईदला त्यांचा शीरखुर्मा घरोघर जातो. लेक चार वर्षांची झाली त्या ईदला त्यांनी तिच्यासाठी तो वेगळ्या पातेल्यात केला. "काजू एकपन नाय घातला गो," वाटी देताना त्या म्हणाल्या. "त्याच्या बदली पिस्ता घातलाय मूठभर. पोराने धाडलेला, एकदम भारी." पोरीला काही कमी पडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. मीही निर्धास्त. माझ्या आजोळी परसात काजूची झाडं होती, पिस्त्याचं झाड मात्र मी चित्रातसुद्धा पाहिलेलं नव्हतं. या दोघांचं काही नातं असेल, हे मला कुठून सुचणार?

लेकीने वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाली, "आई, जीभ टोचते." मला वाटलं, गरम असेल. बघता बघता तिचे ओठ सुजले, मान लाल झाली, खोकला सुरू झाला आणि आवाज घोगरा झाला. नवरा तळोज्याला कामावर. तिला उचलून मी जिन्यात ओरडत सुटले, तशा खाला ईदच्या नव्या कपड्यांत अनवाणीच माझ्यामागे आल्या. आम्ही रिक्षात बसलो.

रस्त्यात सणाची गर्दी. रिक्षा पुढे सरकेना. आवाज येतोय तोवर श्वास आहे, एवढंच मला कळत होतं, म्हणून मी तिला बाहेरच्या गाड्यांचे रंग विचारत राहिले. लाल, म्हणाली. पांढरी, म्हणाली. मग नुसती शिट्टीसारखी घरघर आली, आणि मग तिने उत्तरच दिलं नाही. तशी भीती मला कधीच वाटली नव्हती. मी खालांवर किंचाळले, "काय घातलंत त्यात? खरं सांगा!"

"अल्लाची कसम, काजू नाय," त्या म्हणाल्या. लेकीची पावलं त्यांनी दोन्ही हातांत धरली होती.

दवाखान्यात तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकातोंडावर मास्क लावला. थोड्या वेळाने ती रडायला लागली. पोरीचं रडणं इतकं गोड कधी लागलं नव्हतं. काय खाल्लं, ते ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या, "काजू आणि पिस्ता एकाच कुळातली झाडं. एक सोसत नाही त्याला बहुतेकदा दुसरंही सोसत नाही. यापुढे दोन्ही बंद."

पडद्याशी उभ्या असलेल्या खालांनी ते ऐकलं. "मूठभर घातला मी," त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, ओरडल्याबद्दल माफी मागितली.

पुढच्या ईदला त्या लेकीसाठी बांगड्या घेऊन आल्या. मला वाटलं, शीरखुर्मा यंदा फक्त आम्हाला नाही. संध्याकाळी ईद मुबारक म्हणायला त्यांच्याकडे गेले, तर पाहुण्यांपुढे चहा आणि साधी बिस्किटं. स्वयंपाकघरात जाऊन मी म्हटलं, "खाला, तुमच्या माणसांसाठी तरी करायचा होता."

त्यांनी कोरड्या ओट्यावर फडकं फिरवलं.

"हात चालत नाय गो," त्या म्हणाल्या.