मेणातला तुकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे 'चिक्कूताई' म्हणत. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा आणि यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ही तिची नोकरी. कुणी एक काप जास्त मागितला की ताईने डोळे वटारलेच. "पुढे तुकडा लागला, तर काय माझं नाक कापून देऊ?"

काय दिवस होते ते! गरम पाण्यावर तरंगणारे काप, वितळलेल्या मेणाचा वास, दुपारी डबे उघडले की चौघींची खिदळाखिदळ. निवृत्त झाली तरी मेणबत्ती विझवताना ताईला ती खोली आठवायची.

नवऱ्याच्या फुफ्फुसातल्या कर्करोगाने पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा डॉक्टरांनी नवी गोळी सुचवली. पण ती सरसकट कुणालाही देत नाहीत. गाठीत ठरावीक बदल आहे का, हे त्या गोळीसाठी मंजूर झालेल्या चाचणीने आधी बघावं लागतं. बदल सापडला तरच विमा कंपनी गोळीचे पैसे देणार. चाचणीचे पैसेसुद्धा ती रक्तावर नव्हे, गाठीच्या तुकड्यावर केली तरच.

"पहिल्या वेळच्या गाठीची वडी असेलच की," डॉक्टर म्हणाले.

ताई हरखली. आपलीच प्रयोगशाळा! तिथल्या जुन्या मैत्रिणीने कप्प्यातून वडी काढली, उजेडात धरली आणि ताईकडे सरकवली. आत नुसतं मेण होतं.

ती वडी ताईनेच कापली होती. पहिला काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात रोग दिसला, पण मन मानेना. पुढचा तरी चांगला निघेल, या वेड्या आशेने ती कापतच सुटली होती. किती कापलं, याचं भानच तिला त्या दिवशी राहिलं नव्हतं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. "आता पुन्हा सुई घालून तुकडा काढावा लागेल. माझ्यामुळे."

आता बोलणी खावी लागणार, असं तिला वाटलं. नवरा भलतंच बोलला. "म्हणजे मला कळायच्या आधीच तुला कळलं होतं?"

"हो. आदल्या दिवशी."

"आणि त्या संध्याकाळी तू माझ्याशी पत्ते खेळत बसलीस."

"तुम्ही सगळे डाव जिंकलात."

"मला वाटलं, मीच चांगला खेळलो." त्याने तिचा हात हातात घेतला. "सुईची तारीख घे. पण या वेळी काय निघालं ते आधी मला सांग. मग खेळू."