अलोऱ्याच्या चिपचं गाऱ्हाणं

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात निघालेल्या बाईला लोक एकच प्रश्न विचारतात, गणपतीपुळे की दापोली? मी म्हटलं, अलोरे. एस.टी.त शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तिथे कोयना प्रकल्पाची कॉलनी आहे. बघण्यासारखं काही नाही हो," ते म्हणाले. मी एक जुना व्हिडिओ गेम बघायला चालले आहे असं सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, ते वरंध घाट उतरेपर्यंत उघडले नाहीत. मला त्याची सवय आहे.

मी पुण्यात तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात जुन्या चिपा वाचवते. इंटरनेटवर आम्हा वेड्यांचा एक गट आहे. कोणी फिनलंडमध्ये, कोणी ब्राझीलमध्ये. आम्हाला ध्यास आहे तो टीव्हीला जोडायच्या अगदी पहिल्या खेळांचा. पडद्यावर दोन फळ्या, मध्ये जाळी आणि टोलवायला एक चौकोनी चेंडू. या खेळांना कॅसेट नसते की प्रोग्राम नसतो. अख्खा खेळ एकाच चिपमध्ये बारीक रेषांनी कोरलेला असतो, त्यामुळे चिप गेली की खेळही गेला. आणि आता त्या चिपा म्हाताऱ्या झाल्या आहेत. खेळ कॉम्प्युटरवर हुबेहूब उतरवायचा, तर चिप गरम अॅसिडमध्ये घालून तिचं कवच विरघळवावं लागतं, आतल्या थरांचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढावे लागतात आणि त्यावरून एकेक जोडणी वाचावी लागते. खेळ वाचतो, पण चिप जाते. हे मला माहीत होतं. जिच्याकडे मी चालले होते तिला माहीत नव्हतं.

खेडच्या स्टँडवर इब्राहिमभाई घ्यायला आले होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि क्रेन चालवून चालवून पाटासारखे रुंद झालेले तळवे. सारी उमर कोयना प्रकल्पावर काढून ते आता खेडला राहतात. एका मासिकातला माझा लेख वाचून त्यांनी फोन केला होता. "मॅडम, तुमी चार खेळ लिवलेत. आमच्या अलोऱ्याच्या क्लबाच्या पेटीत पाचवा हाय. जाळी खालवर फिरते." त्या एका वाक्याने फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत सगळ्यांची झोप उडाली होती. फिरत्या जाळीची चिप आमच्यापैकी कोणीही पाहिली नव्हती.

जगबुडी नदीजवळच्या त्यांच्या घरी सांदण (तांदळाच्या रव्याची वाफवलेली गोडसर वडी) खाता खाता मला चिपची जन्मकथा कळली. त्यांचा भाऊ बोटीवर होता. त्याने सिंगापूरच्या बाजारातून चिप आणि तिच्या जोडणीचा कागद आणला. कॉलनीतल्या इंजिनियरांनी बाकीची जुळणी केली, सुतारशाळेत सागवानी पेटी झाली आणि क्लबात खेळ सुरू झाला. "मुंबईवाल्यांनी नाव ऐकायच्या आदी आमच्याकडं व्हिडिओ गेम होता," इब्राहिमभाई म्हणाले. हे खरं की खोटं कोण जाणे, पण त्यांच्या तोंडावरचा थाट पाहून मी मान डोलावली.

जेवून त्यांच्या गाडीतून निघालो. परशुराम घाटात खाली वाशिष्ठी चमकत होती आणि भात कापून झालेल्या मळ्या पिवळ्या पडल्या होत्या. क्लबाची ती पेटी आता अलोऱ्यात सुलभाताईंच्या घरी होती. मी विचारलं, "सुलभाताईंना तुम्ही अॅसिडचं सांगितलंय ना?"

इब्राहिमभाईंनी गिअर बदलला. "नाय. ती बाय टेलिफोन एक्स्चेंजवर होती. तिच्याफुडं आमचे मोठे साहेब गप व्हायचे. तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा."

चिपळूण मागे पडलं, सह्याद्रीची भिंत जवळ आली आणि अलोरे लागलं. एस.टी.तल्या गृहस्थांना बघण्यासारखं काय हवं होतं कोण जाणे. एका आखणीतली क्वार्टर्स, मोठाली झाडं, रुंद रस्ते. अर्ध्याहून जास्त दारांना कुलपं. काम संपलं, माणसं बदलून गेली, निवृत्त होऊन गावोगावी पांगली. सुलभाताई मात्र कॉलनीच्या कुंपणाबाहेरच घर बांधून राहिल्या. क्लब बंद झाला तेव्हा कॅरमबोर्ड कोणी नेला, टेबल कोणी नेलं. पेटी ताईंनी आणली आणि तिच्यासोबत क्लबचा कृष्णधवल टीव्हीही, कारण तिला दुसरा चालत नाही.

"ये गो, बस," त्या म्हणाल्या. उंच, सडसडीत, आणि आवाज असा की परसातल्या कोंबड्यासुद्धा थबकल्या. चहाच्या आधी खेळ. त्यांनी पेटीवरची दुलई काढली, बटण दाबलं आणि पडद्यावर जाळी उगवली. ती खरोखर फिरत होती, सावकाश वर आणि सावकाश खाली.  मी वायरी लावून मोजमापं घेत होते आणि त्या मला हरवत होत्या. मी हरले, पुन्हा हरले. चेंडू जाळीच्या फटीतून कसा काढायचा हे त्यांनी मला दाखवलं, पण मला जमलं नाही याचाच त्यांना जास्त आनंद झाला. मग इब्राहिमभाई बसले. दोघं कित्येक वर्षांनी समोरासमोर आलेली. चेंडू खाली पडेचना. एवढ्यात वीज गेली. ज्या डोंगराच्या पोटात वीज तयार होते त्याच्या पायथ्याशी आम्ही अंधाऱ्या पडद्याकडे बघत बसलो.

मग जेवणं झाली. काळ्या वाटाण्याची आमटी, घावणे आणि सोलकढी. पोट भरलेलं असताना माणूस जरा मऊ असतो, या हिशेबाने मी तेव्हाच सगळं सांगितलं. हिशेब साफ चुकला.

"म्हणजे जाळणार," ताई म्हणाल्या.

"जाळत नाही. विरघळवतो. पण खेळ कायमचा राहील. कॉम्प्युटरवर, जगात कुठेही."

"आणि माझ्या घरात?"

मी म्हटलं की पेटी राहील. ताई म्हणाल्या, "माणसाचा फोटो काढला म्हणून माणूस परत येतो काय गो? क्लब गेला, माणसं गेली. मी एवढी एक वस्तू धरून बसल्ये. तीपण न्यायला तू पुण्याहून आलीस." इब्राहिमभाई सोलकढीच्या वाटीत काहीतरी शोधत राहिले. मला त्यांचा राग आला आणि स्वतःचाही, कारण ताईंचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं. ती चिप आणखी काही पावसाळे काढेल याची खात्री मी देऊ शकत नव्हते. तेवढंच मी सांगितलं. त्या ताटं उचलून आत गेल्या.

सकाळी मी बॅग भरली. मोजमापं मिळाली होती. बाहेरून चिप कशी वागते ते कळलं होतं, आत काय आहे ते नाही. ओसरीवर आले तर ताई नेसून-सवरून उभ्या, हातात नारळ. खळ्यात (सारवलेल्या अंगणात) शेजारची चार-पाच माणसं आणि इब्राहिमभाई. मधोमध पाटावर ती पेटी, वर हळदकुंकू.

गाऱ्हाणं (चारचौघांच्या साक्षीने देवापुढे मांडलेली विनवणी) इथे कुठल्याही मोठ्या कामाआधी घालतात. ते सहसा गावातले जाणते पुरुष घालतात. पण क्लबात ते नेहमी सुलभाताईच घालायच्या, कारण त्यांचा आवाज सगळ्या कॉलनीत पोचायचा. आता हे कशासाठी, मला कळेना. खेळ घराबाहेर जाऊ नये म्हणूनच असणार, असं वाटून मी बॅग खाली ठेवली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," ताईंनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज तुजी लेकरा तुज्या पायाशी जमली हायत. ह्यो खेळ बोटीतनं आला, अलोऱ्यात रमला. पाण्यापावसात तू त्याला सांबाळलंस."

"व्हय म्हाराजा."

"आता ही पुण्याची लेक त्याला न्यायला आल्ये. त्याच्या पोटात काय हाय, ता जगाला दिसू दे. त्याची कुडी जाईल, त्याचा खेळ ऱ्हाऊ दे. काय चुकलामाकला असंल तर माफी कर."

"व्हय म्हाराजा." आमचा आवाज जरा उशिरा निघाला.

"आनि जो कोनी, खयच्याबी मुलखात, ह्यो खेळ खेळंल, त्याच्या हाताला येश दे. पन अलोऱ्याच्या मानसापेक्षा जास्ती देऊ नको."

"व्हय म्हाराजा," इब्राहिमभाई सगळ्यांत मोठ्यांदा म्हणाले. लोक हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

चारचौघांत घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही. काल रात्री ठरवून ताईंनी स्वतःला तसं बांधून घेतलं होतं. नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटले, आणि मग त्या म्हणाल्या, "काढ आता." मी पेटी उघडून चिपचा एकेक पाय मोकळा केला. ती तळहातावर घेऊन ताईंनी क्षणभर पाहिलं आणि माझ्या डबीत ठेवली. रिकाम्या पेटीचे स्क्रू त्यांनी स्वतः आवळले.

परत येताना कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला आले. गाडी वळणं घेत होती आणि मी डबी पदराखाली धरून बसले होते. एवढी जपत तर मी माझ्या आईचे दागिनेही कधी नेले नव्हते.

पुढचं काम किचकट होतं आणि इथे सांगण्यासारखं नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत चिप उघडली. फोटो निघाले. गटातल्या लोकांनी ते वाटून घेऊन रेषा न् रेषा वाचली. पावसाळा आला, गेला. एके दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर जाळी उगवली आणि सावकाश फिरू लागली. चिपच्या पाठीवरचा क्रमांक बनवणाऱ्यानेच खरवडलेला होता, म्हणून तिला नाव नव्हतं. गटाने एकमताने ठेवलं: अलोरे. आज त्या खेळाला जगात दुसरं नाव नाही.

मी सीडी पाठवली ती इब्राहिमभाईंकडे, कारण कॉम्प्युटर त्यांच्या घरी होता. सुलभाताई एस.टी.ने खेडला आल्या. मी पुण्यात फोनपाशी बसून.  फोटो बरोबर, मोजमाप बरोबर, हे मला माहीत होतं. पण निकाल ज्यांनी लावायचा त्यांना मोजमापाशी काही देणंघेणं नव्हतं.

फोन वाजला. मी उचलला. मागे चेंडूचा टक टक आवाज चालू होता.

"ताई? कसा वाटला?"

"थांब गो," त्या म्हणाल्या, "इब्राहिमभाई हरतायत." आणि त्यांनी फोन बाजूला ठेवून दिला, तो डाव संपेपर्यंत उचलला नाही.