कोंडाजीची आडवी भोकं

कडावचा कोंडाजी माझ्यापेक्षा चांगला नेम धरतो, हे मी त्याच्या तोंडावर कधीच कबूल करणार नाही. मी शकूर, पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालो आणि आता दहिवलीजवळच्या आमच्या रायफल क्लबात बंदुका सांभाळतो. कोंडाजी भातशेतीवाला. दर रविवारी येतो, पन्नास मीटरवर दहा गोळ्या झाडतो आणि आम्हा सगळ्यांची तोंडं बंद करतो.

यंदा दिवाळीनंतर मात्र त्याच्या गोळ्या कागदभर विखुरायला लागल्या. चौथ्या रविवारी रायफल माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "शकूरभाई, आता मी येत नाय. आबांचं सुरू झालं माज्यात."

त्याच्या वडिलांना कंपवात होता. शेवटी शेवटी घासही भरवावा लागायचा.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाय रं. भ्या वाटतं."

मला रागच आला. एवढा धडधाकट माणूस परस्पर स्वतःचा निकाल लावून मोकळा होतो म्हणजे काय! चार शब्द सुनावायला मी दुपारी त्याच्या घरी गेलो. तिथे त्याच्या बायकोने, अंबावहिनींनी, भाकरीच्या टोपलीत त्याचाच निशाणाचा कागद अंथरला होता. रद्दी फुकट घालवायची नाही हा त्यांचा नियम. भाकरी उचलली आणि माझी नजर भोकांवर गेली. ती गोल नव्हती, लांबट होती. हात हलला तर गोळी बाजूला जाते, पण भोक गोलच पडतं. इथे गोळी आडवी होऊन लागली होती.

"गोळ्या कुठल्या वापरतोस?"

"जड आणल्या, दीडपट. डोंगरावरनं वारा येतो ना. उफणताना भरला दाणा पायाशीच पडतो, पोकळ पोल उडून जातो."

मी कपाळावर हात मारला. जड गोळी लांबही असते. नळीच्या आतल्या पिळदार खाचा गोळीला फिरवतात, म्हणून ती नाक पुढे ठेवून जाते. गोळी जितकी लांब, तितकी ती जोरात फिरायला हवी, नाहीतर दोरी कमी पडलेल्या भोवऱ्यासारखी डगमगते.

तसाच त्याला क्लबात नेला. सळईला घट्ट चिंधी लावून ती त्याच्या रायफलीच्या नळीत ढकलली. खाचांबरोबर सळई फिरत गेली. सोळा इंचांत एक फेरा. त्या जड गोळीला नऊ इंचांतच एक फेरा लागतो.

मग त्याच्या हातात नेहमीच्या हलक्या गोळ्या दिल्या. दहा गोळ्या, दहा गोल भोकं, सगळी दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकतील एवढी जवळ. कोंडाजी तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला. माझाही जीव भांड्यात पडला.

आम्ही त्याच्या घरी परतल्यावर वहिनींनी कागद पाहिला आणि चहा टाकला. कोंडाजीचा कप काठोकाठ भरला.

"आज भरून?" तो म्हणाला.

"महिनाभर अर्धाच देत होते," वहिनी म्हणाल्या. "सांडला असता तर तुमी घाबरला असता."