बोनेटमधलं जवसाचं तेल

मंडळी, डोकं अजून ताळ्यावर नाही, म्हणून इथंच लिहून मोकळी होते.

आज अकराला अकोल्यात माझी नोकरीची मुलाखत होती. बाबांना सोबत घेऊन अमरावतीहून निघाले. मूर्तिजापूरच्या अलीकडे इंजिन तापलं, काटा थेट लाल रेषेवर. गाडी बाजूला घेतली, बोनेटचा खटका ओढला, तर बोनेट उघडेचना! मी खटका ओढतेय, घड्याळ बघतेय, पुन्हा ओढतेय. बाबा मात्र खिडकीबाहेर बघत बसलेले.

शेवटी एक ट्रकवाले काका थांबले. "ताई, तुमी आतून खटका ओढून धरा, मी वरून दाबतो." त्यांनी दोन्ही तळव्यांनी दाब दिला आणि बोनेट टक्कन सुटलं. लॉकवर बोट फिरवून ते म्हणाले, "इथं खायचं तेल कोनं टाकलं?"

"जवसाचं व्हय," बाबा पुटपुटले. "खटका कुरकुरत होता. म्हटलं, पोरीले तरास नको."

"बाबाजी, जवसाचं तेल वाळलं का त्याचं वार्निस होते! वरून आपली काळी धूळ!"

काकांनी गंज सोडवायचा स्प्रे मारला, चिंधीनं लॉक घासून पुसलं, मग थोडं ग्रीस लावलं. इंजिन निवल्यावर पाणी भरलं.

मुलाखतीला चाळीस मिनिटं उशिरा पोचले. "कळवतो," म्हणाले.

बाबांवर ओरडायचं होतं, तोंडच उघडलं नाही. आता घरी आल्यापासून ते दाराच्या कडीपाशी बसलेत, हातात वाटी घेऊन.

वाटीत काय आहे ते विचारू, की नको?