लॉवेलच्या मेपलचा पाय

लॉवेल क्लिंगरने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि निवृत्तीनंतर अंगात उरलेली सगळी शिस्त घरापुढच्या गवतावर काढली. ओहायोतल्या त्या लहानशा गावात गवत सगळेच कापत, पण लॉवेल आधी गुडघे टेकून ते पट्टीने मोजायचा. तीन इंच. त्याहून बुटकं कापलं तर ऊन मुळापर्यंत पोचतं, आणि उंच राहू दिलं तर समोरच्या डेल व्हिटमरच्या भुवया वर जातात. शनिवारी नऊच्या ठोक्याला त्याचं यंत्र सुरू व्हायचं. दुसऱ्या कुणाला त्या यंत्राच्या दांड्याला हात लावू देईल तर तो लॉवेल कसला!

पण गवत हे नुसतं निमित्त. त्याचा खरा जीव होता अंगणाच्या मधोमध उभ्या असलेल्या लाल मेपलमध्ये. निवृत्तीच्या दिवशी बसमधल्या पोरांनी वर्गणी काढून ते रोप त्याला दिलं होतं, तेव्हा ते छत्रीएवढं होतं. क्लिंगर नवराबायकोला मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल दोघं कधी बोलत नसत. बोलायचे ते मेपलबद्दल. लॉवेलने ते झाड तळहाताच्या फोडाप्रमाणे जपलं. दर मे महिन्यात, मदर्स डेला, तो काळ्या रंगाच्या लाकडी ढलप्यांच्या, म्हणजे मल्चच्या, सहा गोणी आणायचा आणि बुंध्याभोवती रचायचा.

"त्या दिवशी बाकीच्या बायकांना फुलं मिळतात," त्याची बायको आर्डिस म्हणायची, "आणि मला गोणीचं दुसरं टोक धरायला मिळतं."

चौदा वर्षांत त्या ढिगाचं गुडघाभर उंचीचं वारूळ झालं होतं. लॉवेल ते दाताळ्याच्या पाठीने चोपून असं गुळगुळीत करायचा की गल्लीतल्या सगळ्यांनी ते पाहून आपापल्या झाडांभोवती वारुळं उभी केली. शिवाय, पानगळीआधी सगळीच मेपलं लाल होतात, पण त्याचं मेपल गावात सगळ्यांत आधी लाल व्हायचं. बाकीची झाडं ऑक्टोबरची वाट बघत असताना हे आपलं ऑगस्टमध्येच शेंड्याला रंगलेलं. "बस ड्रायव्हरचं झाड आहे," लॉवेल सांगायचा. "वेळेच्या आधी हजर राहतं."

मग एका जूनमध्ये त्याच्या खुब्याचा सांधा बदलावा लागला. तीन महिने यंत्राला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नाइलाजाने शहरातल्या एका मोठ्या कंपनीला काम दिलं. चकचकीत गाडीतून माणसं आली, वीस मिनिटं कानठळ्या बसवून गेली, आणि मागे राहिलं ते एक इंचाचं गवत. जुलैच्या उन्हात ते आठवड्याभरात पिवळं पडलं. लॉवेल खिडकीतून ते बघायचा आणि कॉफी गार करायचा.

ऑगस्टमध्ये मेपलचा शेंडा लाल झाला आणि चार दिवसांत पानं झडून वरच्या दोन फांद्या उघड्या पडल्या. कंपनीच्या माणसाने गाडीतून न उतरताच निदान केलं. "झाड गेलंय. पुढच्या गुरुवारी कापून टाकू. नवीन लावा, हल्ली लवकर वाढणारी मिळतात."

त्या रात्री लॉवेलने मक्याच्या कणसाला हात लावला नाही. आर्डिसने हे त्रेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच पाहिलं. सकाळी उठून तिने कंपनीला नको म्हणून कळवलं आणि गावातल्याच ट्रिना बोयरला फोन लावला.

ट्रिना बागकाम करायची. एक जुनाट ट्रक, दोन फावडी आणि पंधरा वर्षांचा अनुभव. अंगणात उतरल्याबरोबर ती म्हणाली, "नमस्कार, मिस्टर क्लिंगर. ओळखलंत का?"

लॉवेलने काठीवर रेलून तिच्याकडे पाहिलं. "बोयर. चौदा नंबरची बस. पुढची सीट."

"तीन वर्षं! सगळी पोरं मागे धिंगाणा घालायची आणि मी तुमच्या मानेकडे बघत बसायची."

"तू कागदाचे बोळे फेकायचीस."

"एकदाच फेकला होता," असं म्हणून तिने गवताकडे पाहिलं. "हे कुणी भादरलं? जाऊ दे, तीन आठवडे कापायचं नाही, मुळाशी जाईल असं पाणी द्यायचं, वाढेल परत. झाड कुठाय?"

मेपलपाशी जाऊन तिने मात्र वर पाहिलंच नाही. खाली पाहिलं, वाकली, आणि वारुळात कोपरापर्यंत हात घातला.

"याचा पाय कुठे गेला?"

"कसला पाय?" लॉवेलने विचारलं.

"झाड जमिनीत जाताना खाली रुंद होतं, मिस्टर क्लिंगर. पायाला घोटा असतो ना, तसं. तुमचं झाड खांबासारखं सरळ आत गेलंय. म्हणजे पाय पुरलेला आहे. एवढा मल्च! वर्षभर ओले मोजे घालून उभं केल्यासारखं झालं हे. ऑगस्टमध्ये लाल कधीपासून होतंय?"

"चार-पाच वर्षं," लॉवेल म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज खाली गेला.

"ते नटणं नाही हो, जीव घुसमटतोय त्याचा. कुणी रचला हा डोंगर?"

आर्डिस एकाएकी आकाशात ढग शोधू लागली. लॉवेलचा चेहरा पडला. एकतीस वर्षांत त्याने बसमधल्या एकाही पोराला साधं खरचटू दिलं नव्हतं, आणि त्याच पोरांनी दिलेलं झाड तो दर मे महिन्यात मोठ्या हौसेने गाडत आला होता. अति तिथे माती म्हणतात ती ही.

"मीच," तो म्हणाला. "चौदा वर्षं मीच मारत होतो त्याला." आणि त्याने कोपऱ्यातल्या फावड्याला हात घातला.

ट्रिनाने फावडं काढून घेतलं. ट्रकमधली बादली आणून झाडाजवळ उपडी ठेवली. "बसा."

"मी खणणार."

"नव्या खुब्याने? पुढची सीट आहे ही. बसा म्हटलं ना! आणि हात आत."

एकतीस वर्षं लॉवेल बसमधल्या पोरांना हेच बजावत आला होता. आर्डिस एवढी हसली की तिला कुंपण धरावं लागलं. लॉवेल निमूटपणे बसला.

ट्रिनाने ढलप्या बाजूला केल्या, मग हाताने माती उकरली. दीड वीत खाली खोड रुंद व्हायला लागलं. आणि तिथेच, मनगटाएवढं जाड एक मूळ खोडाला विळखा घालून बसलं होतं. हवेला पारखं झालेलं मूळ ढिगातल्या ढिगात गोल गोल फिरलं होतं, आणि आता खोडात रुतलं होतं.

"हा बघा फास," ती म्हणाली. पटाशी लावून हळूहळू ठोकायला लागली. खोडाला इजा न होता मूळ तुटायला दुपार झाली. मधल्या वेळात आर्डिसने टोमॅटोची सँडविचं आणली. ती खाताना लॉवेल म्हणाला, "तुला पुढे बसवलं, ते बोळ्यासाठी नव्हतं."

"माहीत आहे की. मागची मोठी पोरं माझ्या वेणीला च्युइंगगम लावायची. तुम्ही आरशात पाहिलंत, आणि दुसऱ्या दिवशी बोळे फेकल्याचं निमित्त काढून मला पुढच्या सीटची शिक्षा झाली." तिने हातावरची माती झटकली. "मला तेव्हाच कळलं होतं, मिस्टर क्लिंगर. बोळा मी नंतर मुद्दाम फेकला होता. शिक्षा रद्द व्हायला नको म्हणून."

लॉवेलने उरलेलं सँडविच तिला देऊन टाकलं. त्याच्या लेखी ही फार मोठी गोष्ट होती.

जाताना ती म्हणाली, "वचन देत नाही. वसंतात फुलेल, पण फुलं कुणालाही फसवतात. खरं कळेल पुढच्या ऑगस्टला. हिरवं राहिलं तर जगलं."

लॉवेलने ते वर्ष कसं काढलं ते आर्डिसलाच ठाऊक. बर्फात दुर्बीण घेऊन बसला. मार्चअखेर लाल फुलं आली तेव्हा "फुलं फसवतात," म्हणत त्याने स्वतःचा आनंद दाबून ठेवला. मदर्स डेला गोणी आणल्या नाहीत, फुलं आणली. आर्डिसने ती संशयाने हुंगली. ढलप्यांचा फक्त दोन बोटं जाडीचा थर, तोही बुंध्यापासून हातभर लांब, एवढंच आता झाडाभोवती होतं, आणि मध्ये मेपलचा रुंद पाय उघडा, वारा खात असलेला.

ऑगस्ट आला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. मग एका शनिवारी डेल व्हिटमर रस्त्यापलीकडून ओरडला, "काय रे क्लिंगर, यंदा झाड झोपलं वाटतं तुझं! अजून हिरवंच? माझं बघ, शेंडा लाल झालासुद्धा! पहिला नंबर गेला तुझा!"

लॉवेलने वर पाहिलं. शेंड्यापर्यंत हिरवं, गडद, भरगच्च हिरवं. एकही पान लाल नव्हतं.

"आर्डिस!" तो दारात जाऊन ओरडला. "आपण हरलो! हरलो आपण!" आणि त्याचे डोळे भरून आले. आर्डिस पिठाच्या हातांनी बाहेर आली. वर बघत दोघं बराच वेळ उभी राहिली.

मग लॉवेलने डेलच्या अंगणाकडे पाहिलं. तिथे लाल शेंड्याचं झाड, आणि त्याच्या बुंध्याशी चोपून गुळगुळीत केलेलं, कंबरेला लागेल एवढं वारूळ. ते रचायला डेल कुणाकडे बघून शिकला होता, हे सांगायला नको. लॉवेलने काठी दाराला टेकवली, फावडं घेतलं, बादली घेतली आणि रस्ता ओलांडला.

"हे काय?" डेल म्हणाला. "फावडं कशाला?"

लॉवेलने झाडाशेजारी बादली उपडी ठेवली.

"बस, डेल," तो म्हणाला. "आणि हात आत."