साडेदहा बाय नऊ

पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात ताईंना चौतीस वर्षं झाली होती. तिथे सगळे त्यांना ताई म्हणत आणि घरीही त्या ताईच. पाठच्या दोन भावंडांना वाढवता वाढवता त्यांचं स्वतःचं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. लग्न करायचं नाही असं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. आधी धाकट्याचं शिक्षण, मग मधलीचं लग्न, मग आईचं अंथरूण, असं करता करता लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. आई गेल्यापासून तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत ताई एकट्या राहत होत्या. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी अडीनडीला म्हणून धाकट्याकडे. तो दहा मिनिटांच्या अंतरावर, भाड्याच्या घरात राहायचा.

इतकी वर्षं कागदाच्या कडा जुळवून हाताला एक खोडच जडली होती. कागद दिसला की तो टेबलावर ठोकून सारखा करायचा. त्यामुळे एका संध्याकाळी कपाट उघडल्यावर घराच्या कागदांची फाईल पाहून त्या थबकल्या. कागद सगळे होते, पण दोन कडा बाहेर डोकावत होत्या. असं त्यांनी ठेवलंच नसतं. मग खालचा खण पाहिला. तिथलं आईचं मनगटी घड्याळ नाहीसं झालं होतं.

घरात येणारं दुसरं माणूस एकच, भांडी घासायला येणाऱ्या बाई. सहा वर्षं येत होत्या. आईच्या शेवटच्या दिवसांत न सांगता थांबायच्या, कूस बदलायला हात लावायच्या. तरीही ताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तीन दिवस त्यांनी ती शंका आवरून धरली, चौथ्या दिवशी मात्र बाईंना विचारलं.

"घड्याळ? मला काय करायचंय ताई तुमच्या घड्याळाचं? मला वेळ बघायला फुरसत कुठंय?" बाई हसल्या. मग ताईंचा चेहरा बघून हसू विझलं. "तुम्ही खरंच विचारताय?"

"मी फक्त विचारलं."

"नाही. तुम्ही ठरवून विचारलंत."

त्या दिवशी बाईंनी भांडी पूर्ण घासली, ओटा पुसला आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. ताईंनी बोलावणं धाडलं नाही. उलट वरच्या मजल्यावरच्या शेजारणीपाशी, तीही त्याच बाईंकडून काम करून घ्यायची म्हणून, मन मोकळं केलं.

पण बाई गेल्यावरही फाईल हललीच. या वेळी ती उलटी ठेवलेली होती. कुलूप जसंच्या तसं होतं. बाईंनी जाण्याआधी किल्लीचा ठसा घेतला असेल, कुणाच्या तरी हाती दिला असेल, असले विचार डोक्यात घोळू लागले. धाकट्याच्या किल्लीचा विचार एकदाही मनात आला नाही. तो विचार यायला मनात जागाच नव्हती.

कॅमेरा घ्यायचा हे त्यांनी ठरवलं आणि पुस्तकाची शिलाई करावी तितक्याच चिकाटीने त्या कामाला लागल्या. तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दोन ठिकाणी चार कॅमेरे, एक डबा आणि भिंतभर वायर असला थाट गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, वर दरमहा शुल्क. तिसऱ्या दुकानात जाड चष्म्याचा एक म्हातारा बसला होता. त्याचं अर्धं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं होतं. त्याने आधी विचारलं, "दारं किती?"

"एकच."

"मग चार डोळे कशाला हवेत? एक पुरे." त्याने दोन डबे काउंटरवर ठेवले. "हा सगळ्यात स्वस्त. चित्रात काही हललं की बोंब मारतो. पडदा हलला तरी, ऊन सरकलं तरी. आठ दिवसांत कंटाळून बंद कराल. हा थोडा वरचा. याला अंगाची ऊब कळते. माणूस आला तर उठतो, एरवी झोपलेला. बॅटरी आहे, सिमकार्ड बसतं, घरात वेगळं इंटरनेट नको. चित्र आतल्या कार्डात साठतं, दरमहा कुणाला काही द्यायचं नाही."

"आणि भोंगा?"

"आतच आहे. पण तो आपोआप वाजेल असा लावू नका. आधी फोनवर बघा कोण आहे, मग वाजवा. बोलताही येतं यातून."

"बोलायचं कुणाशी? चोराशी?"

"बरेच चोर आवाज ऐकूनच पळतात." म्हाताऱ्याने कागदावर खोलीचा आराखडा काढायला लावला आणि कोपऱ्यावर पेन टेकवलं. "इथे. सात फुटांवर. खिडकी समोर नको. माणूस समोरून चालत येण्यापेक्षा आडवा गेला तर याला लवकर कळतो. आणि डब्यावरचा पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, नाहीतर तुमच्याऐवजी भलतेच बघत बसतील."

ताईंनी शब्द न् शब्द पाळला. पहिले दोन दिवस कॅमेरा उन्हाने तापलेल्या लोखंडी कपाटाला माणूस समजत राहिला. त्यांनी त्याचं तोंड जरा फिरवलं, तेव्हा तो शांत झाला.

पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता ताई जुन्या शब्दकोशाच्या पुठ्ठ्याला खळ लावत होत्या. एप्रनच्या खिशात फोन थरथरला. हात पुसून त्यांनी तो उघडला.

त्यांच्याच खोलीत धाकटा उभा होता. भावजय कपाटाला टेकली होती. तिसरा माणूस अनोळखी, कमरेला पेन्सिल खोचलेला, जमिनीवर टेप पसरत होता.

"ही भिंत काढली की हॉल चांगला मोठा होईल," धाकटा सांगत होता.

"भिंतीवर भार आहे का बघायला लागेल," टेपवाला म्हणाला.

"आणि ताईंचं काय?" भावजयीने विचारलं.

"ताईला मागची खोली आहे की. नाहीतर मधली नेईल काही दिवस. पुढच्या वर्षी निवृत्त होईल ती. एकट्या जिवाला लागतं किती?"

ताईंचं बोट भोंग्याच्या लाल खुणेवर गेलं. तिथून ते सरकलं आणि शेजारच्या बोलायच्या खुणेवर दाबून राहिलं. बाजूला कागद कापायचं यंत्र धडधडत होतं, त्यामुळे त्यांना जरा मोठ्याने बोलावं लागलं.

"टेप गुंडाळायला सांग त्यांना. खोली साडेदहा बाय नऊ आहे. मला विचारलं असतंस तर लिहून दिलं असतं."

तिघांनी एकदम कोपऱ्याकडे वर पाहिलं. भावजयीने कपाटाच्या दारावरचा हात झटकन काढला. सगळ्यात आधी टेपवाला बाहेर पडला.

ताईंनी फोन खिशात टाकला. पुठ्ठ्यावरची खळ सुकून गेली होती. त्यांनी ती खरवडून काढली आणि पुन्हा लावली.

संध्याकाळी धाकटा आला तो तणतणतच.

"घरच्या माणसांवर पाळत ठेवतेस?"

"चोरासाठी लावलाय."

"म्हणजे मी चोर?"

"किल्ली अडीनडीला दिली होती. आज कसली अडचण होती?"

"दोन पोरं घेऊन भाड्याच्या खोलीत राहतोय, ती अडचण तुला दिसत नाही? आईचं घर आहे हे. तिघांचं. तू एकटी पसरून बसलीयस."

पसरून. ताईंनी तो शब्द ऐकला. आईच्या खाटेशेजारी जमिनीवर काढलेली सात वर्षं त्यांच्या ओठांपर्यंत आली, पण त्यांनी विचारलं भलतंच.

"आईचं घड्याळ कुठंय?"

"माझ्याकडे. दोन महिने झाले. आई माझीपण होती."

"सांगायचं तरी."

"प्रत्येक गोष्ट तुला विचारायला मी काय अजून शाळेत आहे?"

भावाचं बोलणं ताईंना लागलं होतंच. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या त्या बाई, पूर्ण घासलेली भांडी पालथी घालून, पुसलेल्या ओट्याकडे एकदा बघून निघालेल्या.

रात्री मधलीचा फोन आला. "काय हे ताई! परक्या माणसासमोर त्याची शोभा केलीस."

"तो घराची भिंत पाडायला निघाला होता."

"पाडली तर नव्हती ना?"

ताईंनी दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. रविवारी त्या बाईंच्या घरी गेल्या. बाई दारातच कपडे पिळत होत्या.

"घड्याळ सापडलं," ताई म्हणाल्या. "भावाने नेलं होतं. माझं चुकलं, बाई."

"कसं कळलं?"

ताईंनी सगळं सांगितलं. बाईंनी कपडा दोनदा झटकला.

"सहा वर्षं मी तुमच्या डोळ्यांसमोर होते. तेव्हा विश्वास बसला नाही. चार दिवसांच्या यंत्रावर बसला."

"परत या. मी वरच्यांनाही सांगते."

"वरच्यांनी मला त्याच आठवड्यात काढलं, ताई. कोपऱ्यावरच्या घरातूनही. तुमचं एक घर गेलं असतं तर मी सोसलं असतं." त्यांनी पिळलेला कपडा बादलीत टाकला. "येते म्हटलं, तर तो कॅमेरा उतरवाल?"

ताईंना 'हो' म्हणायचं होतं. नवं कुलूप, धाकट्याचा लाल चेहरा, सगळं एकदम आठवलं आणि ते म्हणणं राहूनच गेलं. बाईंनी थोडी वाट पाहिली, मग बादली उचलली आणि आत गेल्या.

ताई तरीही वरच्या मजल्यावर गेल्या. शेजारणीने सगळं ऐकून घेतलं. "असेल हो," ती म्हणाली, "पण आता दुसरी ठेवलीय. आणि खरं सांगू? एकदा मनात आलं ना, की ते जात नाही."

महिन्याभराने वकिलाचं पत्र आलं. घराची वाटणी हवी म्हणून. खाली धाकट्याची सही होती, त्याखाली मधलीची.

ताईंनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि एक वकील गाठला. त्याने पत्र वाचलं, सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाला, "ते चित्रण जपून ठेवा. पुरावा आहे."

"कशाचा?" ताई म्हणाल्या. "त्यांनी चोरलं काहीच नाही."

वकिलाने पत्र बाजूला ठेवलं. मग त्याने आईच्या मृत्यूचा दाखला मागितला.