बाबांना घेऊन परत ग्वाल्हेरला

मानसशास्त्र शिकायला मी पुण्याला निघाले, तेव्हा ग्वाल्हेरच्या स्टेशनवर फक्त आई आली होती. बाबा घरीच थांबले. गाडी फलाटात शिरतानाचा आवाज त्यांना सोसत नसे. ओळखीच्या एका काकूंनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "ह्यांची तब्येत जरा नरम आहे." बाबांच्या वतीने असं काहीतरी सांगून वेळ निभावणं हे तिचं रोजचं काम होतं.

बाबा सरकारी कचेरीत नकाशे काढत. फूलबागेवरून एकाच रस्त्याने जात, त्याच रस्त्याने परत येत. ताटात भाजीला आमटी लागली की ताट सरकवत. अचानक पाहुणे आले तर आतल्या खोलीत जाऊन बसत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आम्ही राहत होतो, तिथले नातेवाईक त्यांना सनकी म्हणत. आई म्हणे, "ह्यांना आधी सांगून ठेवावं लागतं, मग काही त्रास नाही." सांगून ठेवायला ती कायम त्यांच्याजवळ असायची. माझ्या पदवीदानालाही ती आली नाही.

पुण्यात माझ्या ग्वाल्हेरी "मी येऊन राहिले"ला मुली हसल्या. वर्षभरात मी "येतेय" म्हणायला शिकले. पुढे तिथेच विशेष मुलांच्या केंद्रात नोकरी लागली. एकदा एक बाई आपल्या मुलाविषयी सांगत होत्या: भाजीला आमटी लागली की ताट सरकवतो. लिहिता लिहिता माझा हात थांबला. मी शिकलेलं सगळं आमच्याच घरी जेवायला बसत होतं.

आई गेली ती अचानक, हृदयविकाराने. लष्करातलं भाड्याचं घर सोडून मी बाबांना पुण्याला आणलं. दुसरा काही मार्ग दिसत नव्हता. तिथे शेजारच्या घरांतले कुकर, लिफ्टची घंटा, समोरचं बांधकाम. बाबा कानांवर हात दाबून न्हाणीघरात बसू लागले. सोसायटीतल्या कुणीतरी, "आजोबा, तुम्ही हिंदी का?" असं सहज विचारलं. त्यानंतर ते खाली उतरेनात, आणि पुढे बोलणं-जेवणही कमी झालं.

माझ्या सोबतच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. निष्कर्ष मीच त्यांना सांगितला. ऑटिझम म्हणजे काय, हे मी कितीतरी आईबापांना समजावलं होतं. बाबांसमोर बसले तेव्हा नुसता अहवाल वाचून दाखवला.

"म्हणजे मी पागल नाही," ते म्हणाले.

"नाही बाबा. हा आजारच नाही. तुमचा मेंदू वेगळ्या रीतीने चालतो, जन्मापासून."

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"नाव माहीत नव्हतं."

ते भिंतीकडे वळले. मग म्हणाले, "थकून जात असेल ना ती?"

मी हातातला अहवाल मिटला. ते म्हणाले, "मला ग्वाल्हेरला घेऊन चल."

मी नोकरी सोडली. लष्करात मनासारखी जागा मिळाली नाही, म्हणून सिटी सेंटर भागात घर घेतलं आणि जवळच क्लिनिक सुरू केलं. इथे आल्यावर बाबा बोलू लागले, जेवू लागले. एका सकाळी पिशवी घेऊन एकटेच दाल बाजारात गेले. परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती. जुन्या दुकानदाराने विचारलं होतं, "अंकलजी, आंटीजी नहीं आईं?" काय सांगायचं ते बाबांना सुचलं नव्हतं. दुकानात बोलायचं काम नेहमी आईचं असे. बाबा पिशवी धरून शेजारी उभे राहत.

आता मी त्यांच्याबरोबर जाते. येणाऱ्यांना आधी फोन करायला सांगते. लग्नामुंजीला त्यांच्या वतीने काहीतरी सांगते, आणि माझ्या तोंडून आईचंच वाक्य निघतं.

क्लिनिकमध्ये मुलाला घेऊन येणारे पहिल्यांदा विचारतात, "हा ठीक कधी होईल?" मी सांगते, तो आजारी नाही. त्याला कशाचा त्रास होतो ते ओळखायचं आणि त्याच्याभोवतीचं जग थोडं बदलायचं. मग आईला विचारते, "तुम्ही झोपता का नीट?" परवा एक बाई यावर नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही कभी." वेगळेपणाला आता नाव मिळालं आहे. ते वेगळेपण घराबाहेर रोज समजावत फिरणाऱ्या माणसाच्या थकव्याला अजून नाव नाही. त्या थकव्याला घरात स्वभाव म्हणतात. आई अलीकडे फार बोलत नाही, असं आम्हीही म्हणत होतो.

पुण्यातल्या मैत्रिणी फोनवर म्हणतात, बरं झालं, घरी परतलीस. इथेच राहिलेल्या जुन्या मैत्रिणीही तेच म्हणतात. मी हो म्हणते. ज्या घरातून मी निघाले होते ते आईने दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं होतं, हे तेव्हा दिसलं नाही. आता ते माझ्या हातात आहे. बाबा शांत असले की घर आहे, नसले की नुसत्या खोल्या.

संध्याकाळी ठरल्या वेळेला मी वर घरी पोचायला हवं, नाहीतर बाबा येरझाऱ्या घालू लागतात. म्हणून क्लिनिकमधून जरा लवकर निघते. खाली गाडी लावते, इंजिन बंद करते, काचा वर करते. तेवढा वेळ कुणाला काही समजावून सांगायचं नसतं. कधी रडू येतं, बहुतेकदा तेही येत नाही. मग तोंड पुसून वर जाते. बेल वाजवत नाही, बाबांना तो आवाज आवडत नाही.